लादीपावाची फाईल

मे महिन्याची सुटी लागली, की साताऱ्याच्या आमच्या घरी एक दिवस बिस्किटांचा असे. आई आदल्या रात्रीच तीन डबे भरून ठेवी. एकात मैदा, एकात दळलेली साखर आणि एकात डालडा. साजूक तूप फक्त दिवाळीच्या नानखटाईला. वेलदोड्याची पूड कागदाच्या पुडीत. हे सगळं पिशवीत घालून मी आणि ताई बेकरीत जाऊन बसायचो. आमच्यासारखीच दहा-पंधरा पोरं डबे मांडीवर घेऊन तिथे बसलेली असत. सकाळचे पाव निघून गेल्यावर भट्टीत जी ऊब उरे, तिच्यावर घरोघरची बिस्किटं भाजली जात. मजुरी किलोवर. बेकरीवाले मामू कुणाचा डबा कुणाचा ते न विचारता ओळखत.

आजी कडक सोवळ्यातली. मामूंच्या घरचं पाणीसुद्धा तिला चाललं नसतं. पण ती बिस्किटं मात्र ती चहात बुडवून खाई. विचारलं, तर म्हणे, "भट्टीतनं निघाल्यावर कसला आलाय विटाळ?" आम्ही पोरं हसायचो. पुढे सदतीस वर्षं बँकेत नोकरी केल्यावर लक्षात आलं, की असे सोयीचे न्याय एकट्या आजीकडेच नव्हते.

मी २०१८ साली निवृत्त झालो आणि चेंबूरला स्थायिक झालो. दर शनिवारी सकाळी घराजवळच्या वाचनालयात दोन तास बसतो. लेखक म्हणून नव्हे. माझ्या कादंबऱ्यांविषयी विचारायला एवढ्या वर्षांत दोनच माणसं आली, आणि त्यातल्या एकाला दुसराच लेखक हवा होता. मी बसतो ते कर्जाचे आणि सरकारी योजनांचे अर्ज भरून द्यायला. भाजीवाल्या बाया येतात, शिंपी येतात, घरी पापड लाटणाऱ्या येतात.

२०२५ च्या मार्चमध्ये तिथे पन्नाशीचे एक गृहस्थ आले. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात महापालिकेची नोटीस. त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं होतं, त्याची ती नोटीस. मुदत जुलैपर्यंत. गोवंडीच्या शिवाजीनगरात त्यांची पावाची बेकरी. मी कागद चाळत होतो आणि ते माझ्याकडे बघत होते.

"साहेब, पंच्याण्णव साली तुम्ही आमच्या भट्टीवर आला होता," ते म्हणाले. "अम्मीनं तुम्हाला नानखटाई दिली होती."

मला आठवत होतं. नानखटाई आठवत होती आणि नंतर मी काय लिहिलं तेही आठवत होतं.

शिवाजीनगर ही वस्ती महापालिकेनेच सत्तरच्या दशकात वसवली. शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या झोपड्या देवनारच्या कचराभूमीच्या कडेला आणून बसवल्या. आखलेल्या गल्ल्या आणि दहा बाय पंधरा फुटांचे तुकडे. पुढे २००९ साली मुंबईचा मानव विकास अहवाल निघाला, त्यात हा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. ह्या कुटुंबाचे वडील मूळ उस्मानाबाद जिल्ह्यातले (आताचा धाराशिव). बहात्तरच्या दुष्काळात मुंबईत आले, कुर्ल्याच्या एका बेकरीत पीठ तिंबायला राहिले आणि दहा वर्षांनी दोन शेजारशेजारचे तुकडे घेऊन त्यांनी स्वतःची भट्टी घातली. घेतले म्हणजे कसे, तर स्टॅम्पपेपरवर. मूळ वाटप दुसऱ्याच्याच नावावर. वस्तीतली निम्मीअधिक खरेदी-विक्री अशीच झालेली.

१९९५ साली वडील वारलेले होते आणि भट्टी अम्मी चालवत होती. मुलगा वीस वर्षांचा, दहावी नापास. तेव्हा पंतप्रधान रोजगार योजना नवी होती. २ ऑक्टोबर १९९३ ला ती सुरू झाली. अठरा ते पस्तीस वयाच्या बेकारांना व्यवसायासाठी एक लाखापर्यंतचा प्रकल्प, तारणाशिवाय कर्ज, वर पंधरा टक्के, पण जास्तीत जास्त साडेसात हजार रुपये अनुदान. मॅट्रिक नापासही चालत असे. मुलाला पीठ मळण्याच्या यंत्रासाठी साठ हजार हवे होते. तोवर दोन माणसं रात्री अकरापासून काथवटीत हाताने पीठ तिंबत. उद्योग खात्याच्या समितीने मुलाखत घेऊन मुलाचं नाव आमच्या शाखेकडे पाठवलं होतं आणि स्थळपाहणीला मी गेलो होतो.

पहाटे साडेचारला गेलो, कारण बेकरी पाहायची तर त्या वेळीच. भट्टीच्या तोंडाशी एक जण लांब दांड्याच्या लाकडी फळ्याने पत्रे आत सरकवत होता. बाहेर सायकलवाले पोती पसरून उभे होते. सहा पावांची एक लादी, अशा लाद्या मोजून ते पोत्यात भरत आणि घंटी वाजवत निघून जात. कुणी मानखुर्दला, कुणी चेंबूर नाक्यावरच्या वडापावच्या गाड्यांवर. अम्मी दारात पाटावर बसून हिशेब करत होती. लिहिता येत नव्हतं. सायकलवाल्यागणिक दोऱ्याला गाठी मारायची आणि दुपारी त्या सोडवत पैसे घ्यायची. मी माझ्या पेशातले पुष्कळ हिशेबनीस पाहिले, पण उधारी इतकी तोंडपाठ असलेलं माणूस क्वचित पाहिलं.

जागेच्या कागदाबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "कागद न्हाई साहेब. पर भट्टी तर हाय ना?"

शाखेत आल्यावर मी अर्जावर शेरा लिहिला: "जागेची मालकी स्पष्ट नाही. परिसरातील वसुलीचा अनुभव समाधानकारक नाही. शिफारस करता येत नाही." तीन वाक्यं. त्यातलं पहिलं खरं होतं, पण त्या योजनेत तारण मागायचंच नव्हतं. दुसरं अर्धवट खरं होतं. त्या परिसरात आमची कर्जंच इतकी थोडी होती, की वसुलीचा अनुभव चांगला की वाईट, हे ठरवायला पुरेशी खातीही नव्हती. खरं कारण कागदावर नव्हतंच. ते तोंडी होतं. रस्त्यापलीकडच्या त्या गल्ल्यांत हात घालू नये असं शाखेत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं, ते विचारलं असतं तर कुणालाच सांगता आलं नसतं. त्र्याण्णवच्या दंगलींना दोन वर्षं झाली होती. "मुसलमान आहेत म्हणून नाकारलंत का?" असं त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, तर मी संतापलो असतो. मी फक्त पत्ता पाहिला होता. पण पत्ता पाहिला, की बाकीचं पाहावं लागत नाही, हे मला समजत नव्हतं असं मात्र आज म्हणवत नाही.

त्याच महिन्यात त्याच योजनेत चेंबूरच्या एका तरुणाचं पापड-मसाल्याच्या उद्योगाचं कर्ज मी मंजूर केलं. तळमजल्याचा फ्लॅट, वडिलांची नोकरी पक्की, कागद चोख. तीन महिन्यांनी पाहणीला गेलो तर यंत्राच्या जागी सोफा होता. हप्ते वडील भरत राहिले, अनुदान रीतसर जमा झालं, खातं बंद झालं आणि आमच्या वार्षिक अहवालात तो यशस्वी लाभार्थी ठरला. असल्या यशस्वी लाभार्थींवर एक विनोदी कादंबरी होईल. मी एक लिहिलीही. त्यात बँक अधिकारी नायक आहे, भला माणूस आहे, आणि दोऱ्याच्या गाठी मारणारी बाई त्यात कुठेच नाही.

आमच्या धंद्याला दुसरी रीत ठाऊकच नव्हती, असं मात्र नव्हे. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर, १९७२ साली, गरिबांसाठी चार टक्के व्याजाची कर्जयोजना निघाली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली. गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या ह्या बायका चाळीतल्या खोलीत धंदा करत आणि किराण्याची उधारी सावकाराच्या व्याजाने भागवत. त्यांच्याकडे कुठला जागेचा उतारा? बायकांनी एकमेकींची हमी घेतली आणि कर्जं फेडली. मी १९८१ साली नोकरीला लागलो, तेव्हा जुने सहकारी ही गोष्ट अभिमानाने सांगत. मी ती मान डोलावत ऐकली होती.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. तो मी नोकरीचा भाग म्हणून वाचायला घेतला. बँकांविषयीच्या प्रकरणात एक शब्दप्रयोग होता. त्याचा मराठीत अर्थ 'नकारात्मक भौगोलिक क्षेत्रं'. काही बँका काही भाग असे ठरवून ठेवतात आणि तिथे कर्ज सहजासहजी देत नाहीत, त्यांतले काही भाग मुस्लिमबहुल असण्याची शक्यता आहे, असं समितीने नोंदवलं होतं. जे शाखेत कुणी कधी लिहून ठेवलं नव्हतं, ते छापलेलं पाहून मी फाईल मिटून चहा प्यायला खाली गेलो.

अमेरिकेत ह्याला नकाशेच होते. माझी मुलगी फिलाडेल्फियाला असते. २०१९ साली तिच्याकडे गेलो असताना तिने मला शहराचा एक जुना नकाशा दाखवला. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरोशहरीचे असे नकाशे करवून घेतले होते. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, मग पिवळी आणि धोक्याची लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लालच. ह्या भेदभावाला 'रेडलायनिंग' हे नाव त्यावरूनच पडलं. आपल्या परिसरातल्या गरीब वस्त्यांच्याही कर्जाच्या गरजा बँकांनी भागवाव्यात, असा कायदा तिथे १९७७ साली झाला. तरीही ज्या वस्त्यांतून पैसा निघून गेला, तिथून दुकानंही गेली. ताजी भाजी आणि फळं मिळणंच बंद झालं. म्हणून २००४ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने एक निधी काढला, तो अशा वस्त्यांत अन्नधान्याची दुकानं उघडणाऱ्यांसाठी. त्यात कर्ज होतं आणि सोबत अनुदानही. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे असतात का असे नकाशे?" मी म्हटलं, "आमच्याकडे नकाशे नसतात."

योजना मात्र आपल्याकडेही कमी नाहीत. १९९४ साली केंद्राने अल्पसंख्याकांसाठी वित्त महामंडळ काढलं, २००० साली राज्याने मौलाना आझाद महामंडळ. त्याच साली तारणाशिवायच्या छोट्या कर्जांना हमी देणारा निधीही आला. २००८ पासूनच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याकांना शहरी भागात पंचवीस टक्के अनुदान ठेवलं गेलं, इतरांना पंधरा. ऐकायला छान. पण ते नव्या उद्योगाला. चाळीस वर्षं चाललेली भट्टी त्यात बसेना. २०२० ची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना जुन्या उद्योगालाही लागू होती. पस्तीस टक्के अनुदान, कमाल दहा लाख, स्वतःचे दहा टक्के. आम्ही तोच अर्ज भरायला घेतला.

हिशेब असा. गॅसवरची फिरती भट्टी, नवं मळणयंत्र आणि वायरिंग मिळून नऊ लाख. त्यातले नव्वद हजार घरचे, आठ लाख दहा हजार बँकेचे. अनुदान तीन लाख पंधरा हजार. पण हे अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळं ठेवलं जातं. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि धंदा चालू असला, तर ते कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हे खरं. बुडव्यांना आळा बसतो, हेही खरं. सोफा ठेवणारा तो तरुण मला आठवतो, तेव्हा ही अट मला पटते. बेकरी आठवली, की पटत नाही.

कारण खाण्याच्या धंद्याचं भांडवल रोज सकाळी संपतं आणि रोज दुपारी परत येतं. ह्यांना रोज मैद्याच्या तीन गोण्या लागतात, त्यातून साधारण हजार लाद्या निघतात. जुन्या दारं-खिडक्यांचं लाकूड जाळून महिन्याला वीस-बावीस हजार खर्च व्हायचा. गॅसच्या नळीची लाईन त्यांच्या गल्लीत आलेली नाही. व्यावसायिक सिलिंडरवर तोच खर्च चाळीस हजारांच्या वर जातो. त्यात बँकेचा हप्ता. सगळं धरून लादीमागे सव्वा ते दीड रुपया वाढवावा लागतो. दीड रुपया म्हणजे काय मोठंसं, असं मीही म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "साहेब, आमच्या गल्लीत बायका अर्धी लादी मागतात." कुठल्याही योजनेच्या अर्जात यंत्राचं कोटेशन जोडायला रकाना असतो. अर्धी लादी मागणाऱ्या बाईसाठी नसतो.

धूर वाईटच. त्यात मला वाद नाही. त्या वस्तीत कचराभूमीचा धूर काय कमी होता, म्हणून भट्टीचा हवा? त्यांच्या थोरल्या मुलीला दमा आहे. न्यायालयाचा आदेश आला तेव्हा घरात सर्वांत खूश तीच झाली, असं त्यांनीच सांगितलं.

एप्रिलमध्ये अर्ज दाखल झाला. मे महिन्यात बँकेतून बोलावणं आलं, तेव्हा मीही सोबत गेलो. कर्ज विभागात एक तरुण बाई होत्या. हुशार आणि नम्र. फोल्डर चाळून त्या म्हणाल्या, "सर, जागेची कागदपत्रं?" मी तीस वर्षांपूर्वीचा माझाच आवाज ऐकत होतो. महापालिकेचा जुना आरोग्य परवाना होता, अन्नसुरक्षेची नोंदणी होती, विजेची बिलं होती, बँकेत रोजचा भरणा होता. मोबाईलवर येणारे पैसे आता खात्यात दिसतात. अम्मीच्या दोऱ्याच्या गाठींना तो पुरावा नव्हता. मी त्या बाईंना म्हटलं, "एकदा पहाटे भट्टीवर या." त्या म्हणाल्या, पहाटे कसं जमेल, पण बघते. दोन आठवड्यांनी त्या खरंच आल्या, भावाला स्कूटरवर सोबत घेऊन. मोजत बसल्या. निघताना पैसे देऊन दोन लाद्या घेतल्या. त्यांनी अनुकूल शेरा लिहिला आणि फाईल वरच्या कार्यालयात गेली.

तिथे ती पडून राहिली. जुलैत मुदत संपली. दंडाच्या आणि परवाना जाण्याच्या भीतीने त्यांनी भट्टी विझवली. त्र्याऐंशी सालानंतर ती एवढे दिवस थंड कधी राहिली नव्हती, टाळेबंदीतसुद्धा नाही. चार कामगार गावी गेले, सायकलवाल्यांनी दुसरीकडून माल उचलायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये त्यांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले दागिने गहाण टाकले, वर महिना तीन टक्क्यांनी हातउसने घेतले आणि जुनी, लहान गॅसभट्टी विकत आणली. कर्ज मंजूर झालं ते सप्टेंबरात. पण आधी घेतलेल्या वस्तूचे पैसे बँक देत नाही, कोटेशनप्रमाणे नव्या यंत्राचेच देते. नियम बरोबर आहे. मीच तो कित्येकांना समजावून सांगितला असेल.

मंजुरीचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. अनुदानाच्या परिच्छेदाशी ते थांबवत म्हणाले, "तीन वर्षांनी मिळणाऱ्या पैशावर आज मैदा कोण देतो, साहेब?" मग स्वतःच हसले आणि सही कुठे करायची ते विचारलं.

अम्मी २०११ साली गेली. अर्ज नाकारला गेल्याचं तिला कुणी कसं सांगितलं, ते मी विचारलं. ते म्हणाले, पत्र आलं होतं, इंग्रजीत. मशिदीजवळच्या मास्तरांनी वाचलं. ती एवढंच म्हणाली, की साहेब पहाटे उठून आले होते, म्हणजे मनातून द्यायचं असणार. पुढची अकरा वर्षं पीठ हातानेच तिंबलं गेलं. यंत्र आलं ते २००६ साली, सेकंडहँड.

मी त्यांना त्या तीन वाक्यांबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "चहा घेणार का?"

नवी भट्टी नोव्हेंबरात बसली. दहा तारखेला बँकेचा हप्ता आणि पंधराला सावकाराचं व्याज. दोन्ही तारखा मी माझ्या डायरीत लिहून ठेवल्या आहेत. आठवण करायला मी फोन करतो, तोवर बहुधा त्यांनी भरलेले असतात. सायकलवाल्यांपैकी निम्मे परत आले. परवाच्या शनिवारी ते वाचनालयात आले, तेव्हा कागदात बांधलेली नानखटाई घेऊन आले. नव्या भट्टीतला पहिला घाणा. मी एक खाल्ली आणि चांगली झाली आहे म्हटलं. त्यांनी एक उलटी करून उजेडात धरली.

"खालून अजून कच्ची राहते," ते म्हणाले. "लाकडाच्या भट्टीत जमिनीला ताव असायचा. हिचा अंदाज यायला वेळ लागेल."